खेकड्याच्या पाठीवरचं गाव

मालेगाव (जहांगीर),
ता. ३ ऑक्टोबर १९५५

रुपा,

हे पत्र तुले लिवून राह्यली, नथ्थूले नाही. तुले वाचता येत नाही हे मले ठाऊक हाय, म्हणून तो वाचन अन् तू आयकजो. नथ्थ्या, मोठ्या बहिणीचं आयक. एक बी ओळ गाळजो नको, अन् मधात आपलं शहाणपण घुसवजो नको.

पयले खुशाली. बाबा जिते हायेत. चार दिवसामागे उठून बसले, मुगाची पातळ खिचडी खाल्ली, अन् खिचडीत मीठ कमी हाय म्हणून मले दोन शिव्या देल्ल्या. त्या शिव्या आयकल्या अन् माह्या जिवात जीव आला बाई! म्या चुलीपाशी तोंड करून रडून घेतलं. तुमी गेल्यापासून आठवडाभर त्या माणसाच्या तोंडून 'पाणी' सोडून दुसरा शब्द निघाला नव्हता. माय गेली तवा बी मी एवढी भ्याली नव्हती.

आता मले सांग, तुमी दोघं काहून पळाले? बाबा ओकून ओकून, हगून हगून आडवे पडले होते. दवाखान्याच्या डॉक्टरनं सुई टोचली, नसेत मिठाचं पाणी सोडलं, म्हणाला पोटात काहीतरी जहरी गेलं. अन् तेवढ्या शब्दावर बाबा खाटेवरून म्हणाले, "तिनंच केलं." बुढ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. अशा माणसाचं कोन मनावर घेते? तुमी घेतलं. सकाळी पाहते त खोलीत वळकटी नाही, थैली नाही, नागपूरची मोटार केव्हाच निघून गेलेली. तुले सहावा महिना, अन् रस्ता कसा हाय ते काय मी सांगू? मले उठवलं असतं त वाटेसाठी दोन भाकरी तरी बांधून देल्ल्या असत्या.

बाबानं तुमचं लगन मानलं नाही हे मी कायले लपवू. माळ्याचा पोरगा अन् तांड्याची पोरगी, दोन्हीकडच्यायनं बोंब मारली. तुहा बाप लखीराम नाईक, त्यानं बी तुहं तोंड पाह्यचं सोडलं. म्हणून त मी तुमाले बोलावलं होतं न! म्हटलं, पोरगी बाबाच्या डोळ्यासमोर चार दिवस वावरली त बुढा नरमन. अन् माह्या खोकल्याचं निमित्त होतंच. नवरा गेल्यापासून मी ह्या घरात हाये, पण ह्या घरात मी खोकून मेली असती तरी कोनी खेकड्याचा रस्सा करून देल्ला नसता. तू देल्ला. पावसाळाभर फासळ्या दुखत होत्या, आता छाती कशी मोकळी झाली. शेजारची आवडाबाई विचारे, औषध कोनाचं? म्या ताठ मानेनं सांगतलं, माह्या भावजयीचं.

बाजारात काय झालं ते मी लिवत नाही. काही झालं नाही.

उत्तर धाड.

तुही ननंद,
गिरजा

❦

मालेगाव,
ता. १९ ऑक्टोबर १९५५

नथ्थू,

तुहं कार्ड भेटलं. "आमचा तुमचा संबंध संपला." वा रे वा! एवढंच लिवाले सरकारचं कार्ड खराब केलं? अन् कार्ड उघडं असते हे तुले कळत नाही का? पोस्टमननं वाचलं, आवडाबाईनं त्याच्याकून वाचून घेतलं, अन् मंग मले भेटलं. पुढच्या वेळी भांडाचं असन त पाकिटातून भांड.

तुह्या कानावर बाजाराचं गेलं, हे मले त्या एका ओळीतूनच समजलं. मागच्या पत्रात मी लपवलं. रुपा समोर बसली असन, पोटावर हात ठेवून आयकत असन, हे डोळ्यापुढे आलं अन् पेन पुढे सरेना. आता लपवून काय फायदा? तिलेही सांग. दुसऱ्या कोनाकून आयकण्यापेक्षा माह्याकून आयकलेलं बरं.

बाबा नीट उभे राहत नव्हते तरी काठी टेकत बाजारात गेले. लखीराम नाईक मीठ घ्याले आला होता. बाबानं त्याले सगळ्यायच्या देखत हाक मारली अन् म्हणाले, "लखीराम, तुह्या पोरीनं माह्यावर करणी केली!"

आपला बाप माळकरी. करणी-बिरणी त्यानं जन्मात मानली नाही. पण त्याचा मुद्दा काय, तर म्हणे, "म्या तिच्या हातचं पाणी सुदा पेलो नाही. खेकडा ज्यायनं खाल्ला ते तिघंही धडधाकट. म्या शिवला बी नाही, अन् माहीच आतडी बाहेर आली. मंग जहर पोटात गेलं कसं? सांगा न!" अन् गर्दीतून कोनीतरी म्हणलं, करणी. तो शब्द बाबानं उचलला. लखीरामनं मिठाची पिशवी खांद्यावर टाकली अन् तांड्याची वाट धरली. त्याचं तोंड पाहवत नव्हतं.

नथ्थू, जहर म्हणलं असतं तरी परवडलं असतं. जहराले पुरावा लागते. करणीले पुरावा लागत नाही. आवडाबाईची सून पोटुशी हाय, ती आता आपल्या दारावरून जाताना पोटावर पदर ओढते. सुईण नानीबाई, जिनं तुले अन् मले ह्या जगात आणलं, ती म्हणे मारोतरावच्या सुनेच्या बाळंतपणाले मी यायची नाही, मले बी लेकरंबाळं हायेत. उद्या रुपाचं लेकरू ह्या गावात आलं त त्याच्या संगं कोन खेळन? त्याले पोरगी कोन देईन? हा शब्द तिच्या कपाळावरून पुसला पाहिजे, अन् पुसन त बाबाच. दुसऱ्या कोनाच्या सांगण्यानं तो जात नाही.

म्हणून राग बाजूले ठेव अन् माहं आयक. तू ज्या कॉलेजात काचा धुते, तथले साहेब खेकड्याच्या अंगावरचे अन् पोटातले जंतू पाहतेत, असं तूच सांगत होता न? बाबा हसले होते, "सरकारले दुसरा धंदा नाही का?" मी बी हसली होती. आता हसत नाही. त्या साहेबाले विचार, न खाल्लेला खेकडा माणसाले बाधते का?

गिरजा

❦

मालेगाव,
ता. ५ नोव्हेंबर १९५५

रुपा,

पाकीट आलं. अक्षर नथ्थूचं, पण शब्द तुहे हायेत हे मी वळखलं. "बाई, म्या बुढ्यावर काही केलं नाही. माह्या पोटातल्या लेकराची आण." पोरी, हे मले सांगाले पाहिजे का? पुन्हा लेकराची आण घेशीन त नागपूरले येऊन कान पिरगाळीन.

साहेबाचा निरोप वाचून मले रागच आला होता. म्हणे, त्या दिवशी कोनी कोनी काय काय खाल्लं, कोठी खाल्लं, कोनी रांधलं, सगळं लिवून धाडा. म्हटलं, आमी काय खातो ते नागपूरच्या साहेबाले कायले पाह्यजे? मंग नथ्थूनं खाली लिवलं होतं का साहेब चांगला माणूस हाय, त्यानं ऐकून घेतलं अन् हसला नाही. तवा माहा राग उतरला. लिवते.

बाबानं सांगतलं होतं, खेकडा घराच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नाही, घरच्या चुलीवर चढता कामा नाही. म्हणून तू मळ्यातल्या झोपडीत रांधलं. तू नाल्यातून खेकडे धरले, पाय मोडले, अन् झोपडीपुढच्या पाट्यावर वरोट्यानं ठेचले. त्याचं पाणी फडक्यातून गाळलं, मातीच्या मडक्यात टाकलं, तीन दगडाच्या चुलीवर मस्त खदखदा उकळलं. एवढं उकळलं का मी ओरडली, "अवं, आटून जाईन सारं!" मंग आमी तिघं जेवलो. तू, मी अन् नथ्थू. आमाले ढेकर बी वाईट आला नाही.

बाबाचं जेवण अलग. भाकर म्या सकाळी घरून करून नेली होती, फडक्यात बांधलेली. तू त्या वेळी मडकं घासाले नाल्यावर गेली होती. बाबा तुह्या हातचं खात नाही हे दाखवाले मुद्दाम म्हणाले, "माहं मी पाहून घेईन." झाडाच्या हिरव्या मिरच्या तोडल्या, मिठाचे खडे घेतले, अन् स्वतः बसून ठेचा वाटला. भाकर-ठेचा खाल्ला, विहिरीचं पाणी पेले, वांग्याच्या वाफ्यात गेले. विहिरीचं पाणी आमी सगळेच पेलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते आडवे.

झालं. आता साहेबाले म्हणा, करा याचा उलगडा. ज्यायनं खेकडा खाल्ला ते ठणठणीत, अन् ज्यानं ठेचा स्वतःच्या हातानं वाटून खाल्ला तो मरता मरता राह्यला. मले त काहीच सुचत नाही. डोकं भणभणून गेलं.

साहेबानं आपल्या नाल्याचे खेकडे मागतले ते धाडले. कसे धाडले ते सांगते, हसशीन. फुलचंद शेठ कापड खरेदीले नागपूरले जाणार होता. आता फुलचंद जैन माणूस, दिवा लागल्यावर जेवत नाही, मुंगी दिसली त पाय उचलते. त्याच्याच हाती म्या तुपाच्या रिकाम्या डब्यात, ओलं गोणपाट घालून, नाल्याचे खेकडे देल्ले. झाकणाले छेद पाडले. विचारलं त म्हटलं, नथ्थूच्या कॉलेजचं सामान हाय. डबा खडखड वाजे. शेठ म्हणे, "गिरजाबाई, हे सामान चालते काहून?" म्या म्हटलं, "शेठ, सायन्सचं हाय." बिचाऱ्यानं डबा मांडीवर घेतला. पण मोटारीत झाकण सरकलं म्हणे, अन् एक खेकडा ड्रायव्हरच्या पायापाशी गेला. परत आल्यावर शेठ मले रागावला नाही. एवढंच विचारलं, "जिते पोचले न? कोनी मारले त नाही न?" मी म्हटलं, शेठ, तुमच्या हातानं एक बी मेला नाही. ते खरं होतं.

दिवाळीले तुमी येणार नाही हे मले ठाऊक हाय. करंज्या धाडते.

तुही ननंद,
गिरजा

❦

मालेगाव,
ता. २५ नोव्हेंबर १९५५

रुपा, नथ्थू,

तुमचं जाड पाकीट भेटलं. म्या ते पयले मळ्यात बसून वाचलं. मंग घरी येऊन पुन्हा वाचलं. मंग अशी मोठ्यानं हसली का आवडाबाई कुंपणावरून डोकावली, म्हणे, "काय झालं व?" म्या म्हटलं, "काही नाही, माहा भाऊ शिकला!" अन् मंग मी रडली. दोन महिन्यापासून छातीवर धोंडा होता तो उतरला बाई.

मले समजलं ते बरोबर हाय का सांगजो. साहेब म्हणतेत, एक खेकडा म्हंजे एक गावच हाय. पाठीच्या कवचावर जंतूची एक वस्ती, कल्ल्यात दुसरी, आतड्यात तिसरी. पाठीवरचे ते कवचच कुरतडून पोट भरतेत. आतड्यातले बहुतेक खेकड्याले त्याचं अन्न पचवाले हातभार लावतेत. ज्याची जागा त्याले, आतड्यातला पाठीवर सहसा नांदत नाही अन् पाठीवरचा आतड्यात. (म्हंजे तथी बी जातपात हाय त! हे बाबाले सांगतलं नाही, नाही त म्हणाले असते, पाहा, खेकड्यातही हाय.) खेकडा कात टाकते तवा पाठीवरची वस्ती कातीसंगं जाते, अन् नव्या पाठीवर नाल्याच्या पाण्यातून नवे येऊन घर करतेत. खेकड्याले या साऱ्यायचा काही त्रास नाही. तो आपला तिरपा तिरपा मजेत चालते. माणसानं खेकडा उकळून खाल्ला त माणसालेही काही होत नाही, कारण उकळलं का ते गावच्या गाव मरते. पण कच्चा रस पोटात गेला, त त्यातले काही असे हायेत का धडधाकट गड्याले खाटेवर टाकतेत.

अन् कच्चा रस कोनाच्या पोटात गेला? ज्यानं शपथेवर खेकडा खाल्ला नाही त्याच्या!

तो पाटा, रुपा! तू त्याच्यावर खेकडे ठेचले. तू मडकं घेऊन नाल्यावर गेली, मागून पाटा धुणार होती. तेवढ्यात आपले बाबा तणतणत आले, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पाटा पुसला, हे नथ्थूनं पाह्यलं होतं, अन् त्याच्यावर मिरच्या वाटल्या. खेकड्याचं अन् ठेच्याचं म्या तुमाले माह्याच हातानं लिवून धाडलं होतं, अन् मले दिसलं नाही. आमी सारे काय खाल्लं तेच उगाळत बसलो. कायच्यावर वाटलं ते कोनीच विचारलं नाही. साहेबानं विचारलं. त्या साहेबाले माहा नमस्कार सांगा.

रुपा, तू तथी कॉलेजात बसून ते धाडलेले खेकडे ठेचले, बाबासारखाच पाटा पुसून ठेचा वाटला, हे वाचून त मले तुह्या हिमतीचं नवल वाटलं, सात महिन्याची बाई! अन् त्या ठेच्याचा थेंब ज्याच्यावर जंतू वाढतेत त्या शेवाळाच्या थिजवलेल्या काढ्यावर टाकला त दुसऱ्या दिवशी ताटलीभर पांढरे-पिवळे ठिपके. उकळलेल्या रश्श्याची ताटली मात्र साफ. आधणाच्या पाण्यानं पाटा धुऊन वाटलेल्या ठेच्याचे इनमीन दोन-चार ठिपके. साहेबानं हेही लिवलं का मारोतरावच्या पोटात त्या दिवशी नेमका कोनता जंतू गेला हे आता कोनी सांगू शकत नाही, पण वाट हीच असावी. खरं बोलणारा माणूस दिसते.

आता बाबाचं आयक. लगेच नाही सांगतलं. जेवण झालं, पान लावून देल्लं, मंग सहज विचारलं, "बाबा, त्या दिवशी ठेचा वाटला तवा पाटा धुतला होता का?"

"पुसला होता."

"कायनं?"

"ह्यानं." खांद्यावरचा दुपट्टा दाखवला. "काहून?"

म्या नथ्थूचं पत्र वाचाले घेतलं. खेकड्याच्या गावापर्यंत आली त म्हणाले, "बंद कर. बापाले जंतू शिकवते का?" म्या बंद केलं नाही. वाचतच गेली. ठिपक्याच्या ताटलीपाशी आली तवा त्यायनं पान थुंकलं. चेहरा असा झाला का मी भ्याली. म्हणाले, "म्हंजे म्या… खेकडा… माह्या हातानं?"

म्या म्हटलं, "वाटून खाल्ला बाबा. चांगला मीठ-मिरची लावून."

एवढं बोलाले नको होतं. पण माह्या जिभेले हाड कवा होतं? ते उठले अन् मळ्यात निघून गेले. मी मागून गेली. पाहते त पाट्यावर राख टाकून घासून राह्यले, चुलीवर आधण ठेवलं, पाटा धुतला, पुन्हा घासला. मंग विहिरीवर बसून आंघोळ केली. माळ हातात घेऊन लय वेळ बसले. तवापासून माह्याशी बोलत नाहीत. शिवी बी देत नाहीत.

मले समजते. माळकरी माणसाच्या पोटात खेकडा गेला, हे त्याले जहरापेक्षा जड हाय. पण त्यानं गप बसून त्याचं भागते, तुहं भागत नाही. बाजारात तो शब्द अजून फिरूनच राह्यला. काल नानीबाई दिसली, तिले म्या पाट्याचं सांगतलं. ती म्हणे, "तू त भावजयीची बाजू घेशीनच. मारोतराव कोठी तसं म्हणते?"

मी बी आता त्यायच्याशी बोलणं सोडलं. पाहू कोन आधी बोलते.

गिरजा

❦

मालेगाव,
ता. १२ डिसेंबर १९५५

रुपा,

बस खाली. बसली का? नथ्थ्या, तिले पाणी दे अन् मंग वाच.

काल बाजार होता. सकाळी बाबानं बैल जुंपले, वांगी, सांबाराच्या अन् मेथीच्या जुड्या गाडीत भरल्या, अन् मंग मळ्यातला पाटा उचलून गाडीत ठेवला. वरोटाही ठेवला. म्या अबोला मोडून विचारलं, "टाकवाले नेता का?" तर म्हणे, "तू चाल संगं." मले वाटलं, पाथरवटाकून टाकी मारून घेईन, नाही त रागानं विकून टाकीन. गाडीत बसली.

बाजारात आपल्या जागेवर पाल टाकलं. वांगी मागे ठेवली अन् पाटा पुढे मांडला. लोक विचारत, "मारोतराव, पाटा विकता का?" बाबा सारखे तांड्याच्या वाटेकडे पाहत होते. लखीराम नाईक दिसला. तो आमच्या पालापासून दूरदूरनंच जात होता, त्या दिवसापासून तो तसाच जाते. बाबा उठले अन् हाक मारली, "लखीराम! इकडे ये!"

तीच हाक. तसाच आवाज. सारा बाजार वळून पाहाले लागला. म्हटलं, आता काय बोलते हा बुढा?

लखीराम आला. त्याच्या संगं तांड्याचा सोमला अन् आणखी दोन-चार गडी, काठ्या घेऊन. बाबा पाट्याजवळ बसले. चार मिरच्या ठेवल्या. खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् पाटा पुसून दाखवला.

"हे असं पुसलं म्या," बाबा म्हणाले. "तुह्या पोरीनं याच्यावर खेकडे ठेचले होते. गिरजाच्या खोकल्यासाठी. तिनं तिचं रांधून, उकळून खाल्लं. मी मोठा सोवळा. तिच्या हातचं नको म्हणून आलो अन् याच पाट्यावर ठेचा वाटून खाल्ला. खेकड्याचं कच्चं पाणी माह्या पोटात गेलं. नागपूरच्या कॉलेजात काचेत पाह्यलं."

कोनीतरी मागून फिसकन हसलं. आवडाबाईच असन. बाबा म्हणाले, "हासा. दुसऱ्याचं असतं त म्या बी हासलो असतो." अन् मंग ते उभे राह्यले, काठी न टेकता. "लखीराम, करणी नव्हती. तुह्या पोरीनं माहं काही वाईट केलं नाही. म्या इथीच बोललो होतो, अन् खोटं बोललो होतो. आता इथीच सांगतो. आयका रे सारे!"

रुपा, तो माणूस म्या जन्मापासून पाह्यला. मायले बी त्यानं कधी 'माहं चुकलं' म्हणलं नव्हतं. मी पदर तोंडात कोंबून उभी होती.

तुहा बाप खाली वाकला अन् पाट्यावरून बोट फिरवलं. मंग सोमलाले म्हणाला, "आयकलं? तांड्यावर जाऊन असंच सांग." अन् बाबाले म्हणाला, "मारोतराव, त्या दिवशी मी घरी गेलो अन् जेवलो नाही. तिची माय, याडी, अजून रडते. आमी पोरगी टाकली होती, पण करणीवाली म्हणून नाही टाकली."

बाबा म्हणाले, "मंग आता कायले टाकता?"

"तू कायले टाकली?"

मंग बाबानं चहा मागवला. तुह्या बापानं पेला. दोघायनं एकाच पालात बसून पेला, हे अख्ख्या मालेगावानं पाह्यलं. वांगी कोनी विचारली नाहीत, सारे पाटा पाहाले येत होते. फुलचंद शेठही आला, म्हणे, "त्या डब्यात हेच होते का?" म्या मान खाली घातली. तो म्हणे, "जाऊ द्या. पोरीचं भलं झालं न." अन् नानीबाई! ती गर्दीतून वाट काढत आली अन् मलेच खेकसली, "गिरजे, दिवस कवा भरतेत हे कोनी सांगन का मले? का मी रोज मोटारीकडे पाहत बसू?" आवडाबाईची सून मागे उभी होती. तिनं मले विचारलं, "रुपाबाई केव्हा येते?" पदर खांद्यावरच होता.

आता भांडण वेगळंच लागलं. तुहा बाप म्हणते, पयलं बाळंतपण बापाच्या घरी, तांड्यावर. बाबा म्हणतेत, तांडा दूर हाय, नाला आडवा हाय, बाळंतपण आमच्या घरीच, अन् याडीले इथी येऊन राहू द्या. दोघं चहा संपेपर्यंत भांडले अन् दुसरा चहा मागवला. मी म्हटलं, ज्या बाईच्या पोटात हाय तिले कोनी विचारलं का? दोघं माह्याकडे असे पाहाले लागले का मलेच हसू आलं.

म्हणून मी विचारते. तुले वाटन त तांड्यावर जा, तुले वाटन त इथी ये, नाही त नागपूरलेच राहा अन् मी येते. राग गेला नसन त राग घेऊन ये. बुढ्यानं बाजारात सांगतलं म्हणून सारं त्याच दिवशी विसराचं, असं काही नाही. तुह्यावर दोन महिने काय गुजरलं ते बाजारानं भोगलं नाही. पण एक सांगते, आता तू ह्या गावात पाय ठेवशीन त कोनी तोंड फिरवणार नाही. मी आज सकाळी न्हाली, वेणी घातली, अन् किती दिवसानं पोटभर जेवली.

नथ्थ्या, तुहं ते "संबंध संपला" म्या चुलीत टाकलं. बाबाले दाखवलं नव्हतं.

पत्र इथवर लिवलं अन् बाबा येऊन उभे राह्यले. म्हणे, "झालं का? दे, मीच टपालात टाकतो." म्हटलं, "थांबा, पत्ता राह्यला." पेन उचलला अन् विचारलं, "नाव कोनाचं टाकू बाबा? नथ्थूचं?"

म्हणाले, "सुनेचं टाक."

गिरजा